हरवलेलं शहर विकू नका : पेरूच्या सहली काढणाऱ्या मराठी आयोजकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून दक्षिण अमेरिकेच्या सहली काढणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र एकत्रच लिहितो आहे. कुणा एकाचं नाव घेण्यात मला रस नाही, कारण मी पाहिलेली पत्रकं जवळपास सारखीच आहेत. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू. रिओचा ख्रिस्त, इग्वासूचा धबधबा आणि शेवटी ‘इंकांचं हरवलेलं शहर, गूढरम्य माचू पिक्चू’. शेजारी हिरव्या सुळक्याखालच्या अवशेषांचा तोच एक फोटो. तीन देश उरकायचे असतात, त्यात पेरूच्या वाट्याला मोजक्या रात्री येतात आणि माचू पिक्चूच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस. त्यातलाही बराचसा वेळ रांगेत जातो.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. पेरूला गेलो तो तुमच्यासारख्याच एका संस्थेबरोबर. सोय चांगली होती, बॅगा वेळेवर आल्या, पोळी-भाजीही मिळाली. तेव्हा ही तक्रार समजू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही जे शहर विकता ते कधी हरवलं नव्हतं, तिथलं बरंचसं आता गूढही राहिलेलं नाही, आणि त्या डोंगराभोवतीचा मुलूख रिकामा तर मुळीच नाही. हे मान्य केलंत तर नुसतं पत्रक बदलून भागणार नाही, सहलीचा आराखडाच बदलावा लागेल. तो बदलावा म्हणूनच लिहितो आहे.

आधी ‘हरवलेलं’ घेऊ. २४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठातला हायरम बिंगम त्या डोंगरावर चढला, हे सगळे वाटाडे सांगतात. कसा चढला हे कमी जण सांगतात. खाली नदीकाठी राहणारा मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी त्याला घेऊन गेला. मजुरी ठरली एक सोल. वर गेल्यावर भेटली रिचार्ते आणि आल्वारेस ही कुटुंबं. इंकांनीच बांधलेल्या ताली, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांसारख्या शेतपट्ट्या, साफ करून ती माणसं तिथे मका, बटाटा, रताळी पिकवत होती. त्यांनी पाहुण्याला गार पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली आणि पुढची वाट दाखवायला घरातल्या एका पोराला बरोबर धाडलं. इतका पाहुणचार घेऊन ‘शोध’ लागला. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर तर कोळशाने आधीच लिहून ठेवलेलं होतं : आगुस्तिन लिसारागा, १९०२. तोही त्याच खोऱ्यातला शेतकरी. बिंगमने आपल्या वहीत त्याची नोंद केली, पण पुढे जगभर गाजलं ते बिंगमचंच नाव. लिसारागा १९१२ मध्ये उरुबांबा नदीत बुडून गेला. बस ज्या नागमोडी रस्त्याने आज वर चढते तो रस्ता बिंगमच्या नावाचा आहे, आणि त्या मार्गावरची सगळ्यात महागडी रेल्वेगाडीसुद्धा.

खरी गंमत पुढेच आहे. बिंगम शोधत होता विल्काबांबा, इंकांची शेवटची राजधानी. १५३३ मध्ये स्पॅनिशांनी इंकांची मूळ राजधानी कुस्को घेतली, त्यानंतर काही वर्षांनी इंका घराण्याची एक शाखा जंगलात मागे हटली आणि तिथून तग धरून राहिली. १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याला पकडून कुस्कोच्या चौकात मारलं तेव्हा ते प्रकरण संपलं. माचू पिक्चू म्हणजेच ते विल्काबांबा, असं बिंगम शेवटपर्यंत म्हणत राहिला. खरं विल्काबांबा निघालं एस्पिरितू पांपा इथे, आणि त्याच १९११च्या मोहिमेत बिंगम तिथेही जाऊन आला होता! झाडीत बुडालेले ते चौथरे त्याच्या मनात भरले नाहीत. एवढी गोष्ट तुमच्या वाटाड्याने बसमध्ये सांगितली तरी मंडळी डुलक्या काढणार नाहीत.

मग माचू पिक्चू होतं काय? १५६८ सालच्या जमिनीच्या एका कागदात त्या खोऱ्यातल्या जमिनी पाचाकुती या इंका सम्राटाच्या असल्याचं येतं. जॉन रो या अभ्यासकाने तो कागद उजेडात आणला. तेव्हापासून बहुतेक जाणकार हे ठिकाण राजाची खासगी वतनवाडी मानतात. कुस्को ३४०० मीटरवर, हे २४३० मीटरवर. जून-जुलैत कुस्कोत रात्री पाणी गोठतं, तेव्हा दरबाराला हजारेक मीटर खालची ही ऊबदार जागा बरी. तिथल्या हाडा-दातांवर केलेल्या रेडिओकार्बन चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून वस्तीचा काळ साधारण १४२० ते १५३० असा निघतो. म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होतं तो काळ. ‘हजारो वर्षांपूर्वीची संस्कृती’ असं ज्यांनी छापलं आहे त्यांनी कृपया ते खोडावं.

राजा वर्षातले थोडेच दिवस येणार. बाकीचं वर्ष तिथे राहत कोण असे? भर हंगामात साडेसातशेच्या आसपास माणसं असावीत, असा अंदाज आहे. शेती, बांधकाम, धातूकाम, स्वयंपाक, देवपूजा करणारी माणसं. बिंगमच्या मोहिमेला आजूबाजूच्या गुहांत पावणेदोनशेच्या आसपास जणांचे अवशेष मिळाले. जॉर्ज ईटन या तज्ज्ञाने ती हाडं तपासून बहुतेक बायकांची ठरवली आणि त्यातून ‘सूर्याला वाहिलेल्या कुमारिकांचं शहर’ ही कथा जन्मली. पुढे जॉन व्हेरानो यांनी तीच हाडं पुन्हा तपासली. बायका आणि पुरुष जवळपास बरोबरीने, शिवाय लहान मुलंही. कथा मात्र मरायला तयार नाही. आम्हालाही ती रंगवून सांगण्यात आली, आणि गटातल्या काकू मंडळींनी हळहळून ऐकली.

खरी हकिकत त्या कथेहून कितीतरी जिवंत आहे. २०२३ मध्ये यातल्या चौतीस जणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाचं मूळ किनाऱ्यावरचं, कुणाचं उंच पठारावरचं, कुणाचं थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. एकमेकांचे जवळचे नातेवाईक जवळपास नव्हतेच. सापडली ती आई आणि लेक अशी एकच जोडी. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणून राजाच्या चाकरीला जुंपलेली ही माणसं, यानाकोना, इथे राहिली, इथेच मेली आणि शेजारी शेजारी पुरली गेली. तुमच्या सहलीतल्या कितीतरी जणांची मुलं-सुना न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात असतात. घरापासून इतक्या लांब आयुष्य काढणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता माझा विषय. पाणी.

माचू पिक्चू ज्या खांद्यावर बसलं आहे तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. महाबळेश्वरला हसू येईल एवढाच, कबूल. पण उतार बघा, खालची नदी बघा, आणि दोन्ही बाजूंना सुटलेले कडे बघा. अशा जागी बांधकाम करायचं म्हणजे भूस्खलनाला आमंत्रण. आमच्या खात्यात असा प्रस्ताव आला असता तर शेरा मारून परत पाठवला असता. २०१९ मध्ये रुआल्दो मेनेगात या भूशास्त्रज्ञाने दाखवलं की ही जागा खडकातल्या भेगांच्या जाळ्यावर, अनेक भेगा एकमेकींना छेदतात तिथे आहे. भेगांमुळे दगड आयता फुटलेला मिळतो, आणि पावसाचं पाणी झिरपून जायला वाटही मिळते. ज्यांनी जागा निवडली त्यांना डोंगर वाचता येत होता.

डेन्व्हरचे केनेथ राइट हे जलअभियंता. त्यांनी नव्वदच्या दशकात तिथे अनेक हंगाम मोजमापं घेतली. डोंगराच्या उत्तर उतारावर एक झरा आहे. इंकांनी तो दगडी बांधणीने नीट अडवला आणि ७४९ मीटर लांबीचा कालवा काढून पाणी वस्तीत आणलं. कालवा केवढा? वीतभरही रुंद नाही. कोरड्या दिवसांत झऱ्याला मिनिटाला पंचवीसेक लिटरच पाणी असतं, पावसाळ्यात त्याच्या कैक पट. इतक्या फरकाचं पाणी एकाच चिंचोळ्या पाटातून, कुठे तुंबू न देता आणि कुठे काठ न फोडता, वर्षभर चालवायचं म्हणजे उतार किती काटेकोर धरावा लागेल, हे ज्याने आयुष्यात एक चारी जरी काढली असेल त्याला विचारा. पुढे ते पाणी सोळा धारांच्या माळेतून जिन्याच्या कडेने खाली उतरतं. पहिली धार राजाच्या निवासाशेजारी, म्हणजे स्वच्छ पाणी आधी त्याला. मग बाकीची वस्ती. (यात इंकांचं वेगळेपण काही नाही. आमच्या कालव्यांवरही टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला हे माहीत आहे.) प्रत्येक धारेच्या दगडाला अशी खाच दिली आहे की पाणी कमी असतानाही ते भिंतीला चिकटून न ओघळता मोकळं पडावं आणि खाली धरलेला घडा भरावा.

आणलेल्या पाण्यापेक्षा घालवलेलं पाणी मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताली उकरून पाहिल्या तेव्हा आत थर सापडले : तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळूमिश्रित माती, सगळ्यात वर दुसरीकडून आणलेली सुपीक माती. पाऊस पडतो, मातीतून मुरतो, खडीतून वाहून जातो. भिंतीच्या पोटात पाण्याचा दाब साचतच नाही. शेतीचा भाग आणि वस्तीचा भाग यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक मोठा चर काढला आहे. घरांच्या, चौकांच्या भिंतींत पाणी बाहेर काढणारी सव्वाशेहून अधिक भोकं आहेत. मधल्या हिरव्यागार पटांगणाखाली दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर अंथरला आहे. दगडकामाचा कचराच निचऱ्याला वापरला. राइट यांचा अंदाज असा की या बांधकामातलं साठ टक्के काम जमिनीखाली आहे. तुमचे प्रवासी ज्याचा फोटो काढतात ते उरलेलं चाळीस टक्के. दुरुस्ती करायला कुणी नसताना जवळपास चारशे वर्षं, इतक्या पावसात आणि भूकंपाच्या पट्ट्यात, त्या भिंती उभ्या राहिल्या त्या खालच्या साठ टक्क्यांच्या जोरावर.

माझा आग्रह असा की धारांच्या जिन्यापाशी दहा मिनिटं थांबा. लामा या प्राण्याबरोबर सेल्फी नंतर होईल.

यालाच जोडून परग्रहवासीयांबद्दल. आमच्या बसमध्ये हा विषय निघाला, तसा तो प्रत्येक बसमध्ये निघत असणार, कारण ते व्हिडिओ आधीच सगळ्यांच्या फोनवर येऊन पडलेले असतात. माचू पिक्चूची खाण माचू पिक्चूतच आहे. अर्धवट घडवलेले दगड वस्तीच्या मधोमध तसेच पडून आहेत, कुणीही पाहावेत. त्याच खोऱ्यातल्या ओयांताइतांबो या इंका गावातले अवजड दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणले. काही दगड वाटेतच राहिले. तिथले लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. परग्रहावरून येणाऱ्यांचे दगड वाटेत थकत नसावेत. स्थापत्याचे अभ्यासक ज्याँ-पिएर प्रोत्सन यांनी स्वतः नदीतले कठीण गोटे हातात घेऊन दगड घडवून पाहिले, आणि ते जमलं. लोखंड नाही, भार वाहायला चाक नाही, तुमच्या-आमच्या अर्थाने लिपी नाही; हिशेब ठेवायला गाठी मारलेले दोर. हे सगळं माणसांनी केलं आणि सक्तीच्या पाळीने बोलावलेल्या माणसांनी केलं. आपल्या लेण्यांबद्दल कुणी असंच म्हटलं तर आपण भडकतो. तेवढाच राग त्यांच्या वतीनेही यायला हवा.

आता आराखड्याकडे. इथे मी थोडा रोखठोक होणार आहे.

लिमा समुद्रकाठी. तिथून विमानाने तासा-दीड तासात तुम्ही साठी-सत्तरीच्या माणसांना ३४०० मीटरवर कुस्कोत उतरवता आणि त्याच दिवशी दुपारी ‘शहरदर्शन’ ठेवता. आमच्या गटात अर्ध्या लोकांचं डोकं ठणकत होतं, एकांना रात्री प्राणवायू द्यावा लागला. उपाय साधा आहे आणि फुकट आहे : विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जा. ओयांताइतांबो २८०० मीटरच्या आसपास आहे. दोन रात्री तिथे काढा, मग माचू पिक्चू, आणि कुस्को शेवटी. तोवर शरीर सरावलेलं असतं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या का, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावं. बसमध्ये डबी फिरवू नये. कोकाच्या पानांचा चहा तिथे उघड मिळतो, कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही. पण त्याच्या पिशव्या भेट म्हणून घरी आणणं भारतात गुन्हा आहे. ही सूचना मी तरी कुठल्या पत्रकात पाहिली नाही.

तिकिटांचा प्रकार याहून गंभीर. माचू पिक्चूत आता ठरलेल्या वेळेला, पासपोर्ट क्रमांकावर काढलेल्या तिकिटानेच आत जाता येतं. २०२४ पासून दिवसाला साधारण साडेचार हजार आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० लोकांची मर्यादा आहे. आत तीन परिक्रमा आखलेल्या आहेत आणि त्यांच्या उपवाटा आहेत. पहिली वरून नजारा दाखवते, पण वस्तीत नेत नाही. दुसरीत तो प्रसिद्ध फोटोही मिळतो आणि वस्तीही दिसते. तिसरी खालच्या अंगाने जाते. एकदा बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत नाही. दुसरीची तिकिटं लवकर संपतात. ती संपली की काही आयोजक पहिली नाहीतर तिसरी काढतात आणि प्रवाशाला ते गेटवर कळतं. लाखो रुपये भरलेल्या माणसाला कुठली परिक्रमा मिळणार हे बुकिंगच्या वेळी लेखी सांगा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायऱ्यांची कल्पनाही तेव्हाच द्या. आत उंचसखल दगडी पायऱ्याच पायऱ्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

‘माचू पिक्चू दर्शन हमखास’ हे वाक्यही नको. तिथे जायला मोटररस्ता नाही. ओयांताइतांबोहून रेल्वे, मग पायथ्याच्या अगुआस कालिएन्तेस गावाहून बस. जानेवारी २०१० च्या पुरात रूळ वाहून गेले आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. २०२३ च्या सुरुवातीला देशभर राजकीय आंदोलन पेटलं, तेव्हा ठिकाण काही आठवडे बंदच होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीकडे देण्यावरून गावकऱ्यांनी संप केला. सप्टेंबर २०२५ मध्ये बसच्या ठेक्यावरून पुन्हा रूळ अडवले गेले आणि शेकडो लोक अडकले. अशा वेळी इकडच्या वर्तमानपत्रांत ‘पर्यटकांचे हाल’ एवढीच बातमी येते. पण जिथे जगाचा पैसा रोज उतरतो तिथल्या गावाला त्यातलं किती मिळतं, हाच या बहुतेक संपांमागचा प्रश्न आहे. तो तुम्ही प्रवाशांना आधी समजावून सांगा. अडकलेला माणूस मग निदान शिव्या तरी कमी देईल.

रिकामं नाही म्हणालो ते यासाठी. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत सदतीस लाखांहून अधिक लोकांनी केचुआ ही आपली मातृभाषा सांगितली. ही इंकांची राज्यकारभाराची भाषा. १९७५ मध्ये पेरूने तिला अधिकृत दर्जा दिला. तुमचा हमाल, तुमच्या हॉटेलात झाडलोट करणारी बाई, ओयांताइतांबोत रताळं विकणारी आजी एकमेकींशी याच भाषेत बोलतात. त्यांना ‘इंकांचे वंशज’ म्हणून लामाशेजारी उभं करून डॉलर देऊन फोटो काढता येतो. किंवा एखाद्या दुपारी त्यांच्या गावात, त्यांच्या अटींवर, त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात बसता येतं. पिसाक गावाच्या वरच्या डोंगरात केचुआ गावांनी मिळून बटाट्याच्या शेकडो जाती राखणारं एक क्षेत्र उभं केलं आहे, ‘पार्के दे ला पापा’. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने या गावांना त्यांच्याच जुन्या जातींचं बियाणं परत दिलं. तिथे माणसं बोलावतात, शेत दाखवतात, जेवूही घालतात.

जेवणाचं निघालंच आहे तर एक सांगतो. आमच्या सहलीत एकादशी आली. आयोजकांनी साबुदाणा, दाण्याचं कूट, सगळं बरोबर आणलं होतं आणि कुस्कोच्या हॉटेलात खिचडी झाली. टाळ्या पडल्या. साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तर याच डोंगरांतला. मिरचीच्या कुळाचं मूळही तिकडचंच. म्हणजे आपली उपासाची थाळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली आणि आपण ती डब्यात भरून पुन्हा तिच्या माहेरी घेऊन गेलो! हे त्या टेबलावर कुणी सांगितलं असतं तर खिचडी अजून गोड लागली असती. शाकाहारी माणसाचं पेरूत अडत नाही. किन्वाचं सूप, चीज लावलेलं मक्याचं कणीस, पिवळ्या मिरचीच्या रश्शातला बटाटा, रात्रीच्या थंडीत गोठवून आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षं टिकवलेला बटाटा. रोज संध्याकाळी भारतीय उपाहारगृहात जाण्याचा हट्ट प्रवाशांचा कमी आणि तुमच्या भीतीचा जास्त असतो, असं माझं मत झालं आहे.

कुस्कोजवळच्या चिंचेरो गावाबद्दलही बोललं पाहिजे. तिथे तुम्ही विणकामाचं प्रात्यक्षिक दाखवता : निवडुंगावरच्या किड्यापासून लाल रंग कसा काढतात, लोकर कशी कातायची, आणि मग दुकान. त्याच चिंचेरोत, ३७०० मीटरहून उंच पठारावर, तुपाक इंका युपांकी या इंका सम्राटाच्या वतनाच्या जमिनीत आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहतो आहे. मोठी विमानं थेट उतरावीत, माचू पिक्चूला अजून माणसं यावीत, हा हेतू. २०१९ मध्ये जमीन सपाट करायला सुरुवात झाली तेव्हा इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ यांनी निवेदनं दिली. जुन्या ताली आणि वाटा, वरून घोंघावणारी विमानं, आणि कुस्कोला पाणी देणारा जवळचा पिउराय तलाव, या सगळ्याची काळजी त्यांनी मांडली. गावातल्या अनेकांना मात्र विमानतळ हवा आहे. रोजगार येईल, जमिनीला भाव येईल. बाहेरच्या माणसाने त्यांना शहाणपण शिकवू नये हे मला पटतं. पण ‘लवकरच थेट विमानसेवा, प्रवास आणखी सुखकर’ असं जे तुम्ही आत्तापासून छापता आहात, ते छापू नका. दिवसाला साडेचार हजारांवर मर्यादा घातलेल्या डोंगराच्या दाराशी आणखी मोठी गर्दी उतरवणं कुणाच्या सोयीचं आहे, हा प्रश्न गिऱ्हाईक आणणाऱ्यांनी तरी टाळू नये.

जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. यातला जिंजी तेवढा तामिळनाडूत. आता बाहेरदेशीच्या सहली इकडेही येतील. त्यांच्या पत्रकात रायगडाला ‘मराठ्यांचा हरवलेला गड’ म्हटलेलं तुम्हाला चालेल? वर राहणारी धनगर कुटुंबं वगळून, पायथ्याशी न थांबता, रोपवेने वर आणि रोपवेने खाली? मग आपणही तसं वागू नये.

तरुण, चढणाऱ्या गटांसाठी वेगळं सुचवतो. माचू पिक्चूला पायी नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका वाटेवर दिवसाला पाचशे माणसांनाच परवानगी असते आणि त्यातले निम्म्याहून जास्त हमाल, वाटाडे आणि आचारी असतात. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद. हमालाच्या पाठीवर किती किलो द्यायचे याला कायद्याची मर्यादा आहे, पुरुषाला वीस. सुरुवातीच्या नाक्यावर वजन होतं. कमी दरात इंका वाट विकणारी स्थानिक संस्था तो खर्च कुठून काढते, हे करार करण्यापूर्वी विचारा : झोपायला तंबू मिळतो का, जेवण मिळतं का, विमा आहे का. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना मी तर चोकेकिराओ या दुसऱ्या इंका अवशेषांकडे पाठवीन. आपुरिमाक नदीच्या दरीत तळापर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. बराच भाग अजून झाडीखाली आहे, आणि तालींच्या भिंतींत पांढऱ्या दगडाने लामा रेखलेले आहेत. तिथे रोपवे करण्याचा बेत अनेक वर्षं चर्चेत आहे. तो होण्याआधी जाऊन या. आणि जूनमध्ये सहल असेल तर केस्वाचाका. आपुरिमाकवरचा गवताच्या दोरांचा झुलता पूल, काठावरची गावं दर वर्षी एकत्र येऊन नव्याने विणतात. घराघराने दोर वळून आणायचा, जुना पूल तोडून नदीत सोडायचा, काही दिवसांत नवा उभा करायचा. महासाथीत विणणं राहिलं आणि मार्च २०२१ मध्ये तो तुटला. जूनमध्ये त्यांनी पुन्हा बांधला. इंका काळातलं बांधकाम आज चालू असताना पाहायचं असेल तर ही जागा.

कुस्कोत शेवटची एक दुपार राखून ठेवा, कासा कोंचा नावाच्या वाड्यासाठी. बिंगमने माचू पिक्चूतून नेलेली भांडी, हत्यारं, हाडं जवळपास शतकभर येलमध्ये होती. पेरू म्हणे ती उसनी दिली होती, येल म्हणे आमची. खटला झाला, कुस्कोच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, नोव्हेंबर २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११-१२ मध्ये खोकी परत आली. ती आता तिथल्या विद्यापीठाने या वाड्यात मांडली आहेत. रिकाम्या भिंती पाहून आल्यावर त्या घरांतली मडकी, सुया, चिमटे समोर पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. आम्हाला तो वेळ अल्पाकाच्या स्वेटरांच्या दुकानात दिला गेला. स्वेटर बरा निघाला, त्याबद्दल वाद नाही.

यातलं सगळं एका हंगामात होणार नाही, हे मलाही कळतं. खर्च वाढेल, एक देश गाळावा लागेल, ‘अमुक संस्था तीन देश देते’ म्हणून काही गिऱ्हाइकं जातील. निदान एक सहल अशी काढून पाहा : फक्त पेरू, बारा दिवस, मे ते सप्टेंबरच्या कोरड्या हंगामात, बरोबर पंधरा-वीस माणसं आणि केचुआ बोलणारा वाटाडा. पहिलं नाव माझं लिहा. आणि पुढच्या पत्रकाचा मसुदा छपाईला जाण्याआधी मला दाखवलात तर वाचून देईन. मोबदला नको. मात्र पानावर कुठे उडती तबकडी दिसली तर शेरा मारून परत पाठवीन, जुनी सवय आहे.

आपला नम्र,
पाटबंधारे खात्यातला एक निवृत्त अभियंता